हरवलेली चावी, अडकलेले स्टिअरिंग आणि घाईचा हिशेब

व्यापारी व कारागीर बंधूंनो, सुताचे भाव, उधारीची वसुली आणि कराचे कागद यांबद्दल आपण नेहमी बोलतो. पण गोदामातला माल ग्राहकाच्या दुकानापर्यंत जी गाडी नेते, तिच्याबद्दल ती अडून बसेपर्यंत कोणी बोलत नाही. आपल्यातल्या बहुतेकांकडे नवी गाडी नसते. कोणाकडे जुनी ओम्नी व्हॅन असते, कोणाकडे मारुती ८००, कोणाकडे बापाच्या वेळची स्कूटर. गाडी जुनी असली तरी घरची रोजी तिच्यावर चालते. अशी गाडी एके दिवशी दारात ठणठणीत उभी असते. टाकीत पेट्रोल असते, बॅटरी चांगली असते, फक्त चावी नसते आणि स्टिअरिंगला कुलूप पडलेले असते. त्या वेळी काय करावे आणि काय करू नये, हे मी मोठी किंमत मोजून शिकलो. तोच तजुर्बा आज आपल्यापुढे ठेवतो.

त्या शुक्रवारी काय झाले

गोष्ट सप्टेंबर २००९ ची. रमजानचे शेवटचे दिवस होते, ईद दोन-तीन दिवसांवर आली होती. नाशिकच्या एका घाऊक व्यापाऱ्याला आमच्याकडून कापडाच्या बारा गठड्या जायच्या होत्या. त्यांचा फोन आला, "आज रात्रीपर्यंत माल पोहोचला नाही तर मी दुसरीकडून उचलतो." ईदच्या तोंडावर त्यांचेही बरोबर होते.

शुक्रवार असल्यामुळे मालेगावात लूम बंद, बाजार बंद. गोदामासमोर आमची १९९८ ची ओम्नी उभी होती. भाचा आणि एक हमाल गठड्या भरत होते. गाडी भरून झाली, भाचा चालकाच्या जागेवर बसला, खिसे चाचपले आणि म्हणाला, "मामू, चावी नाही."

दुसरी चावी कुठे, असे मी विचारले. तेव्हा जे उत्तर मिळाले ते अनेक वाचकांच्या घरीही मिळेल. दोन्ही चाव्या एकाच कडीत होत्या. एक हरवली तर दुसरी असावी म्हणून कंपनी दोन चाव्या देते, आणि आम्ही त्या दोन्ही एकत्र बांधून एकत्रच हरवण्याची सोय करून ठेवली होती.

दहा मिनिटे शोधले. गोदामाची फरशी पाहिली, सीटखाली पाहिले, हमालाचे खिसे पाहिले. चावी बनवणाऱ्या ओळखीच्या कारागिराचे दुकान शुक्रवारमुळे बंद. फोनवर ते म्हणाले, "सकाळी नऊला येतो, तोवर गाडीला हात लावू नका." पण आमचे डोके नाशिककडे लागलेले. भाच्याने आणि हमालाने दोघांनी मिळून स्टिअरिंगला हिसके दिले. ते हलले नाही, उलट आणखी घट्ट बसले. मग कोणीतरी एका मुलाला बोलावून आणले. त्याने हातोडा-छिन्नी चालवली, अर्ध्या तासात कुलपाचा कोथळा बाहेर काढला, गाडी चालू करून दिली आणि दोनशे रुपये घेऊन गेला. आम्ही त्याची पाठ थोपटली.

रोजा सोडून आम्ही निघालो. रात्री नाशिकला माल उतरवला. व्यापारी खूश, आम्ही खूश. पहाटे परत निघालो. चांदवड मागे टाकून राहुड घाट उतरत होतो. एका वळणावर भाच्याने स्टिअरिंग वळवले आणि ते तिथेच अडकले. सरळ होईना. भाचा ओरडला, "मामू, स्टिअरिंग धरले!" पुढे मालाचा ट्रक सावकाश चालला होता, म्हणून आमचा वेगही कमी होता. ब्रेक दाबला, गाडी डोंगराच्या बाजूच्या नालीत जाऊन आदळली. वळण उलट्या हाताचे असते तर त्या बाजूला दरी होती. अल्हम्दुलिल्लाह, जीव वाचले. भाच्याच्या मनगटाचे हाड मोडले, माझ्या कपाळाला सहा टाके पडले. ओम्नीत बसणाऱ्याच्या पायांपुढे इंजिन नसते, ते सीटखाली असते. पुढे असतो तो फक्त पत्रा. तेव्हा हे थोडक्यात निभावले.

दवाखान्यात बसलो होतो तोच नाशिकहून फोन आला. व्यापारी म्हणाले, "सेठ, सातव्या गठडीत तागांच्या मध्ये एक चाव्यांची कडी निघाली. तुमची आहे काय?"

चावी पहिल्यापासून गाडीतच होती. गठडी बांधताना भाच्याच्या सदऱ्यातून घसरली आणि वर दोरा शिवला गेला. आम्ही तोडलेल्या कुलपासह ती चावी शंभर किलोमीटर नाशिकला पोहोचवून आलो.

उस्तादांनी सांगितलेली गोष्ट

गाडी उचलून गॅरेजमध्ये नेली. तिथल्या उस्तादांनी स्टिअरिंगखालचे झाकण काढून मला बोलावले आणि म्हणाले, "सेठ, त्या मुलाने दरवाजा उघडून दिला, पण साप आतच ठेवला." मग त्यांनी मला हे कुलूप समजावून सांगितले. आपणही समजून घ्यावे, कारण ज्याला कुलूप कळते तो त्याच्याशी कुस्ती खेळत नाही.

स्टिअरिंगचे चाक एका लोखंडी दांड्यावर बसवलेले असते. त्या दांड्याला किंवा त्यावरच्या कड्याला खाच असते. चावी लावायचे कुलूप शेजारीच बसवलेले असते आणि त्याच्या आत एक जाड खिट्टी असते. खिट्टीमागे स्प्रिंग असते. ही स्प्रिंग खिट्टीला सतत दांड्याकडे ढकलत असते. चावी घालून फिरवली की खिट्टी मागे खेचली जाते आणि चावी आत असेपर्यंत मागेच राहते. चावी काढली की खिट्टी सुटते, पण ती लगेच आत शिरत नाही. चाक थोडे फिरले, खाच समोर आली की खट्कन आत पडते. म्हणूनच गाडी उभी करून चावी काढल्यावर चाक थोडे फिरते आणि मग अडकते.

आता लक्षात घ्या. खिट्टीला मागे धरून ठेवण्याचे काम चावीचे आणि चावीमागच्या भागाचे आहे. तो भाग हातोड्याने फोडला की खिट्टीला धरणारे कोणी राहत नाही. आमच्या त्या मुलाने खिट्टी मागे दाबून तिथे तारेचा तुकडा खोचला होता. स्प्रिंग मात्र आपले काम करीतच होती. जाता-येता दोनशे किलोमीटरचे हादरे बसले, तार निसटली, घाटात चाक वळले, खाच समोर आली आणि खिट्टी आत पडली.

म्हणून या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. बंद कुलपाची गाडी तुमचा एक दिवस घेते. अर्धवट तोडलेल्या कुलपाची गाडी तुमचा जीव घेऊ शकते. कुलूप उघडणे हे अर्धे काम आहे. ती खिट्टी पुन्हा कधीही आपल्या मर्जीने आत पडणार नाही याची खात्री करणे हे उरलेले अर्धे काम आहे, आणि रस्त्यावर घाईने कुलूप तोडणारा हे काम करीत नाही.

हे कुलूप आपल्याला छळण्यासाठी बसवलेले नाही. चोराने तारा जोडून इंजिन चालू केले तरी गाडी वळवता येऊ नये, हा त्याचा हेतू. अमेरिकेत १ जानेवारी १९७० पासून नव्या मोटारींना नियम लागू झाला, की चावी काढल्यावर इंजिन चालू होता कामा नये आणि स्टिअरिंग तरी अडले पाहिजे किंवा गाडी तरी पुढे जाता कामा नये. त्यामागे मालकाचे नुकसान एवढेच कारण नव्हते. चोरलेली गाडी भरधाव पळवताना अपघात होतात, हेही होते.

चावी आहे, पण फिरत नाही

पुष्कळदा चावी हातात असते, पण फिरत नाही, आणि माणूस समजतो की कुलूप बिघडले. बहुधा बिघाड नसतो. गाडीचे पुढचे चाक फुटपाथला टेकलेले असते किंवा उतारावर वळवून उभे केलेले असते. त्यामुळे दांड्याचा सारा दाब खिट्टीवर येतो आणि ती खाचेत आवळली जाते. अशा वेळी चावीवर जोर देऊ नये. जुनी चावी झिजलेली असते, ती मुडपते किंवा आत तुटते. मग एका दुखण्याची दोन होतात.

एका हाताने स्टिअरिंग हळू दोन्हीकडे हलवून पाहा. एका बाजूला ते अजिबात जाणार नाही, दुसऱ्या बाजूला किंचित जाईल. जिकडे किंचित जाते तिकडे हलके धरा आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने चावी फिरवा. दाब कमी झाला की खिट्टी आपोआप मागे येते. चाक फुटपाथला घट्ट टेकले असेल तर दोन माणसांनी गाडी बोटभर मागेपुढे हलवावी आणि पुन्हा प्रयत्न करावा.

तरीही फिरत नसेल तर दुसरी चावी लावून पाहा. कुलपाच्या आत पितळेच्या पातळ पत्त्या असतात आणि चावीच्या दातांनी त्या एका ओळीत याव्या लागतात. दात झिजले की पत्त्या ओळीत येत नाहीत. कमी वापरलेली दुसरी चावी तिथे काम करते. तिच्यावरूनच नवी चावी घडवून घ्यावी. झिजलेल्या चावीची नक्कल केली तर नक्कलही झिजलेलीच निघते.

आणखी एक गोष्ट आपल्या धंद्यातल्यांसाठी. लूमच्या कारखान्यासमोर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या कुलपात कापसाचे बारीक तंतू आणि धूळ जाते. लोक त्यात खाण्याचे तेल किंवा मशीनचे जाड तेल सोडतात. दोन दिवस चावी मऊ चालते, मग तेलात तंतू चिकटून आत लगदा होतो. तेलाऐवजी ग्रेफाइटची कोरडी भुकटी वापरावी. ती मिळाली नाही तर शिसपेन्सिल चावीच्या दातांवर घासावी. पेन्सिलीतही ग्रेफाइटच असते. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, एवढे केले तरी पुरते.

चावी खरोखरच नसेल तर

पहिले काम, मालाचा आणि गाडीचा प्रश्न वेगळा करा. त्या दिवशी आमची मूळ चूक इथेच झाली. माल नाशिकला जायचा होता, गाडी जायलाच पाहिजे होती असे नाही. दुसरा टेंपो भाड्याने करून गठड्या त्यात भरल्या असत्या तर माल वेळेवर पोहोचला असता. शिवाय गाडी रिकामी करताना गठड्या पुन्हा हाताळल्या गेल्या असत्या, आणि कोण जाणे, चावीही खुळखुळली असती.

दुसरे काम, नीट शोध. शेवटची चावी कोणाच्या हातात होती, त्याने त्यानंतर काय काय केले, हे त्याला शांतपणे एकेक करून सांगायला लावा. रागावू नका. रागावलेल्या माणसाला आठवत नाही. ज्या मालात त्याचा हात गेला तो माल उघडा. एक तास शोधण्यात गेला तरी तो वाया गेला असे समजू नका.

तिसरे काम, दुसरी चावी. ती दुसऱ्या गावी असेल तर ओळखीच्या माणसाबरोबर बसने मागवा. तेवढा खर्च कोणत्याही दुरुस्तीपेक्षा कमी आहे.

चौथे काम, चावीचा नंबर. पुष्कळ गाड्यांच्या मूळ चावीबरोबर नंबर कोरलेली छोटी पट्टी येते किंवा चावीवरच नंबर असतो. तो नंबर जपून ठेवला असेल तर चावी घडवणे सोपे होते. ओम्नीसारखी गाडी १९८४ साली आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. तेव्हा जुन्या गाडीचे सुटे भाग कंपनीच्या दुकानात मिळतीलच असे धरून चालू नये. विचारून पाहावे, नाही मिळाले तर जाणकार कारागिराकडे जावे.

पाचवे काम, चावी बनवणारा कारागीर. चांगला कारागीर कुलूप फोडत नाही, कुलपावरून चावी घडवतो. पुष्कळ जुन्या गाड्यांत दरवाजाला आणि स्टिअरिंगला एकच चावी चालते. तशी गाडी असेल तर तो दरवाजाचे कुलूप काढून त्यातल्या पत्त्या पाहतो आणि त्यावरून कानशीने चावी तयार करतो. स्टिअरिंगच्या कुलपाला हातही लावावा लागत नाही. जुन्या गाडीची एक बरकत अशी, की तिच्या चावीत नव्या गाड्यांसारखी इलेक्ट्रॉनिक चिप नसते. साधी लोखंडी चावी घडली की काम झाले.

कागद दाखवा आणि कागद मागा

इथे चावी बनवणाऱ्या कारागीर बांधवांना दोन शब्द. आपल्या समाजात हा हुन्नर अनेकांच्या हातात आहे. अलीगढच्या कारागिरांनी कुलपांच्या धंद्यात साऱ्या देशात नाव कमावले. हा धंदा भरवशावर चालतो. अनोळखी माणूस गाडीपाशी घेऊन गेला आणि घाई करू लागला, तर आधी गाडीचे आरसी आणि त्याचे ओळखपत्र मागा. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवून पाहा. २०१८ पासून डिजिलॉकर किंवा एम-परिवहन यांच्यावरचे आरसीही सरकारने ग्राह्य धरले आहे, त्यामुळे "कागद घरी राहिले" ही सबब फारशी उरलेली नाही. फोनमध्ये दाखवता येत नसेल तर थांबा. दोन-चारशे रुपयांसाठी चोरीच्या प्रकरणात नाव गुंतले तर त्याची किंमत चुकवता येत नाही. वहीत गाडीचा नंबर, मालकाचे नाव आणि तारीख लिहून सही घ्या. खरा मालक याने नाराज होत नाही, उलट त्याचा भरवसा वाढतो.

आणि गाडीमालकांनी कारागिराने कागद मागितले तर अपमान मानू नये. जो आपल्याला कागद विचारतो, तो उद्या आपली गाडी घेऊन आलेल्या चोरालाही विचारील.

चावी हरवली असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद करून तिची प्रत ठेवावी. विम्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. गाडी चोरीला गेल्यावर भरपाई मागताना विमा कंपन्या साधारणपणे दोन्ही चाव्या मागतात. एक चावी नसेल आणि ती हरवल्याचा कागदही नसेल, तर प्रकरण अडते. नवी चावी केल्याची पावतीही त्याच फाइलमध्ये ठेवा.

गाडी हलवायचीच असेल तर

गाडी रस्त्यात अडथळा करीत असेल किंवा कारागीर जागेवर येऊ शकत नसेल, तर ती गॅरेजपर्यंत न्यावी लागते. इथे लोक सवयीने दोर बांधून टोचन लावतात. स्टिअरिंगला कुलूप असताना दोराचे टोचन कधीही लावू नका. टोचन लावलेल्या गाडीतही एकाने स्टिअरिंग धरून ती वळवावी लागते, आणि इथे तर स्टिअरिंगच बंद आहे. पहिल्याच वळणावर ती सरळ जाऊन कशावर तरी आदळेल. क्रेन बोलावून पुढची चाके उचलून घ्यावी, किंवा सपाट पाठीच्या गाडीवर पूर्ण गाडी चढवावी. ओम्नीसारख्या गाडीला इंजिनाची ताकद मागच्या चाकांवर जाते. म्हणून पुढची चाके उचलून नेताना गिअर न्यूट्रलमध्ये आहे आणि हातब्रेक सोडला आहे, हे पाहून मगच क्रेनवाल्याला इशारा द्यावा.

स्कूटर आणि मोटारसायकलच्या हँडलच्या कुलपाचेही असेच. हँडल एका बाजूला वळवून कुलूप लावलेले असते. चावी नसली की तरुण मुले लाथ मारून किंवा हिसका देऊन ते मोडतात. त्यात कधी हँडलचा दांडा वाकतो, कधी मोडलेला तुकडा आत राहतो आणि पुढे चालत्या गाडीत हँडल धरतो. दुचाकीवर असे झाले तर पडण्यावाचून दुसरे काही होत नाही. त्यापेक्षा पुढचे चाक हातगाडीवर उचलून ठेवा आणि गॅरेजपर्यंत ढकलत न्या.

कुलूप बदलणे

चावी घडली नाही किंवा कुलूप आतून खराब झाले, तर शेवटचा मार्ग म्हणजे पूर्ण कुलूप बदलणे. हे काम गॅरेजमध्येच करावे. कुलूप दांड्याला ज्या बोल्टांनी आवळलेले असते, त्यांची डोकी पुष्कळ गाड्यांत मुद्दाम मोडून टाकलेली असतात, म्हणजे चोराचा पाना त्यांच्यावर बसत नाही. ते काढायला वेळ, योग्य हत्यारे आणि जागा लागते. उस्तादांना आधी बॅटरीची तार काढायला सांगा. नवे कुलूप दोन चाव्यांसह घ्या. जुनी चावी कोणाच्या हाती लागली असण्याची शंका असेल तर दरवाजांची कुलुपेही बदला.

काम झाल्यावर गाडी तशीच घेऊन निघू नका. गाडी उभी असताना, चावी आत ठेवून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठ-दहा वेळा फिरवा. चावी ज्या ज्या जागी थांबते तिथे तिथे ठेवून पाहा. चावी आत असताना स्टिअरिंग कुठेही अडता कामा नये, आणि गाडी चालू असताना चावी बाहेर येता कामा नये. पैसे देण्यापूर्वी ही पाच मिनिटे काढा.

जे वाचक आज अशी गाडी चालवीत आहेत, जिचे कुलूप कधीतरी फोडलेले आहे आणि जी तारा जोडून किंवा बटणावर चालू होते, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. या आठवड्यात गाडी उस्तादांकडे न्या आणि खिट्टी आत आहे की काढली आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. जुनी गाडी विकत घेतानाही हे पाहावे. रंग पाहतो, टायर पाहतो, पण स्टिअरिंगखालचे कुलूप कोणी पाहत नाही.

घाटात चावी मागे फिरवू नका

याच विषयातली दुसरी धोक्याची सवय म्हणजे घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करणे. राहुड असो वा कसारा, अनेक चालक असे करतात. चावी थोडी जास्त मागे गेली, जुने कुलूप सैल असले आणि चावी सुटून खाली पडली, तर चालत्या गाडीत खिट्टी आत पडू शकते. शिवाय ज्या गाड्यांत ब्रेकला इंजिनाची मदत मिळते, त्यांचा ब्रेक इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन दाबांतच जड होतो. पाच-दहा रुपयांच्या पेट्रोलसाठी स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही पणाला लावण्यात कोणता नफा?

चावीच्या कडीत घराच्या, गोदामाच्या, कपाटाच्या चाव्यांचा झुपका लटकवू नका. त्या वजनाने गाडीच्या हादऱ्यांत कुलूप झिजते. गाडीची चावी एकटी असावी.

जमा-खर्च

आपण व्यापारी आहोत, तेव्हा शेवटी वही उघडू. त्या शुक्रवारी दुसरा टेंपो केला असता तर भाडे १,८०० रुपये लागले असते, आणि चावी बनवणाऱ्याने शनिवारी सकाळी ३५० रुपये घेतले असते. एकूण २,१५० रुपये. आम्ही घाई केली. कुलूप फोडणाऱ्याला २०० रुपये, दवाखाना ८,४०० रुपये, गाडीचे पत्राकाम आणि पुढचा भाग १७,५०० रुपये, नवे कुलूप मजुरीसह १,६५० रुपये. एकूण २७,७५० रुपये. भाच्याचा हात दीड महिना प्लॅस्टरमध्ये होता, ती मजुरी यात धरलेली नाही. त्याने ईदची नमाज गळ्यात झोळी बांधून अदा केली आणि त्याच्या अम्मीने, म्हणजे माझ्या बहिणीने, त्या दिवशी माझ्याशी धड बोलणे केले नाही. तो खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा, हे मला आजपर्यंत समजले नाही.

तेव्हापासून आमच्याकडे गाडीची एक चावी गोदामात आणि दुसरी घरी, अशी वेगवेगळ्या जागी असते. चावीचा नंबर रोकड वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे. चावीच्या कडीवर गाडीचा नंबर लिहीत नाही, म्हणजे सापडणाऱ्याला गाडी सापडत नाही. चालक बदलला की पगाराच्या हिशेबाबरोबर चाव्यांचाही हिशेब होतो. आणि गठडी शिवण्यापूर्वी शिवणारा आपला खिसा चाचपतो.

वाचकांनी हा लेख बाजूला ठेवण्यापूर्वी एवढेच करावे. आपल्या गाडीची दुसरी चावी कुठे आहे, ते उठून पाहावे. ती पहिल्या चावीच्याच कडीत असेल, तर आजच वेगळी करावी.